सदतीस नंबरची बाई

परभणी,
११ जुलै २०२५

प्रिय रुपाली,

आधी पाकिटातल्या साठ प्रश्नावल्या मोजून घे आणि मग हे वाच. मला माहीत आहे, तू आधी चिठ्ठीच वाचायला घेतली असशील. मानवतच्या शाळेतही पेपर हातात पडला की तू आधी शेवटचं पान बघायचीस.

काम असं आहे. वालूरमध्ये चाळिशीपुढच्या ज्या बायांना बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यातल्या साठ जणींना हे बावीस प्रश्न विचारायचे. डॉक्टरचं बोलणं समजतं का, सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेणं जमतं का, काही अडलं तर कुणाला विचारायचं ते ठाऊक आहे का, असं सगळं. उत्तरं चारच: एकदम सोपं, सोपं, अवघड, फार अवघड. मग बरोबर चौदा दिवसांनी त्याच बाईला तेच प्रश्न परत विचारायचे. तराजूवर तोच दगड दोनदा ठेवला तर वजन तेच आलं पाहिजे, तरच तराजू भरवशाचा. माझी पीएच.डी. म्हणजे हा तराजू तपासणं आहे. तो पास झाला तर उद्या जिल्हाभरच्या आशाताई हीच प्रश्नावली घेऊन घरोघर जातील.

आता नियम. मागच्या गावात काय झालं ते तुला ठाऊक आहे. तिथल्या ताईनं मायेपोटी दोन फेऱ्यांच्या मधे बायांना उत्तरं शिकवली आणि मीही फोनवर तिला ‘बरं केलंस’ म्हणाले. माझ्या गाईड सरांनी साठच्या साठ प्रश्नावल्या बाद केल्या. म्हणून या वेळी फोन अजिबात नाही. जे विचारायचं, सांगायचं ते पाकिटात लिहून, एसटीच्या पार्सलनं. बायांची नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर. नावांची यादी तुझ्या कपाटात राहू दे, मलाही दाखवू नको. आणि दोन फेऱ्यांच्या मधे कुणालाही काही शिकवायचं नाही, चूक दिसली तरी नाही.

३१ ऑगस्टला प्रबंध गेला नाही तर माझी नोंदणी रद्द होते. सहा वर्षं गेली यात, रुपे. तू आशाताई आहेस, गाव तुझं ऐकतं, म्हणून तुझ्याच गळ्यात मारलंय.

तुझी,
शिवरंजनी

*

वालूर,
१८ जुलै २०२५

प्रिय रंजे,

साठ झाल्या. चार दिवस हिंडून पायाचे तुकडे पडलेत. आमच्या सासूबाई कासाबाई शेळ्या सोडता सोडता म्हणल्या, तू समद्या गावाची परीक्षा घ्यायलीस, तुजी कोण घेणार हाय?

पण तुझ्या तराजूचं मला काही खरं दिसत न्हाई. बायांना वाटायलंय ही माझीच परीक्षा हाय. सुलाबाई म्हणली, ‘अवघड म्हणलं तर वरच्या हापिसात तुजं नाव खराब व्हईल, सोपं लिही.’ मी म्हणलं, काकू, खरं सांगा. तर म्हणली, ‘खरंच सोपं हाय, लिही तू.’ कागद काढला की ओळीनं सोपं, सोपं, सोपं. मी पुढं काय बोलणार?

आता महत्त्वाचं. नंबर सदतीस. बासष्ट वय, साखरेच्या गोळ्या, सकाळी एक आन् संध्याकाळी एक, जेवणासोबत. तिला १६ तारखेला विचारलं. बावीसच्या बावीस ‘एकदम सोपं’. गोळ्यांचा तो नववा प्रश्न हाय ना, त्याला तर हसायलीच लागली, म्हणली त्यात काय अवघड. मी पेन बंद केला आन् सहज विचारलं, मावशी, सोमवारी उपास आसतो तवा कसं करता? तर म्हणली, ‘सकाळची गोळी तोंडात घातली की उपास मोडतो. म्हणून संध्याकाळी लिंगपूजा झाली, जेवले, की सकाळची आन् संध्याकाळची दोन्ही एकदम घेते. गोळी चुकवायची न्हाई म्हणलेत डॉक्टर. मी एक बी चुकवत न्हाई.’ लय अभिमानानं सांगितलं तिनं.

दिवसभर पोटात काय न्हाई आन् रात्रीला दोन गोळ्या. ट्रेनिंगमधी मला एवढं तरी शिकवलंय की यानं माणूस पडतं. तुझ्या कागदावर हे लिहायला जागाच न्हाई, म्हणून मी समासात पेन्सिलीनं लिहिलंय, बघ.

सांगू का तिला? एका वाक्याचं काम हाय. लवकर कळव.

तुझीच,
रुपाली

*

परभणी,
२१ जुलै २०२५

प्रिय रुपाली,

सगळ्या प्रश्नावल्या मिळाल्या. नीट भरल्यास, अक्षर अजून तसंच मोत्यासारखं आहे. पण समासात लिहायचं नाही, मी ते खोडून टाकलं.

सदतीसचं म्हणशील तर, नाही. आत्ता सांगू नको. तू सांगितलंस की दुसऱ्या फेरीत तिचं उत्तर बदलणार. एक उत्तर बदललं की सर विचारणार, मग बाकीच्या एकोणसाठ जणींना मधे काही सांगितलं नाही कशावरून? आणि मागच्यासारखं सगळंच पाण्यात.

मी नर्सिंगच्या पोरींना शिकवते गं, दोन गोळ्या म्हणजे काय ते मलाही कळतं. पण सोमवार आठवड्यातून एकदा येतो. इतकी वर्षं ती असंच करत आली असणार. तिची दुसरी फेरी ३० तारखेला आहे. नऊ दिवस राहिले. ती फेरी झाली की तिथेच सांगून टाक. तोपर्यंत थांब.

हे मी लेखी सांगतेय, म्हणजे जबाबदारी माझी. तू उगीच जिवाला लावून घेऊ नको.

शिवरंजनी

*

वालूर,
२४ जुलै २०२५

रंजे,

आज दिव्याची आवस. उद्या श्रावण लागतो.

आता सोमवारचा हिशोब सोड. ती श्रावणभर एकच वेळ जेवते, मी शेजारणीला विचारून आले. म्हणजे उद्यापासून रोज दोन गोळ्या एकदम. आमी धनगराची माणसं, तुमच्या लिंगायतांतले नेम मला काय ठावं, पण तू तर त्यातलीच पोरगी हायस. तुला श्रावण मी समजावून सांगायचा व्हय?

काल मी तिच्याकडं गेले होते. भगर निवडत बसली होती, मला म्हणली बस की. चहा केला. बोलता बोलता दोनदा तोंडापर्यंत आलं आन् गिळलं, कारण तू थांब म्हणलीस आन् मी तुला शब्द दिलाय. घरी आले तर भाकर गोड लागली न्हाई. सासूबाई म्हणल्या, कुठं वादावादी झाली का? काय सांगू त्यांना, की एका बाईला मरायला सोडून चहा पिऊन आले म्हणून?

एवढं मोठं पत्र लिहू नको. एक शब्द लिही: सांग. उद्याच्या पार्सलनं आला तरी चालतंय.

रुपाली

*

परभणी,
२८ जुलै २०२५

प्रिय रुपाली,

आधी चांगली बातमी. पहिल्या फेरीचं गणित आज पूर्ण झालं. सगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा ०.९१ आला. ०.७ आला असता तरी चाललं असतं. सहा वर्षांत पहिल्यांदा सरांनी मला चहा मागवला. आणि ऐक, त्यांना सगळ्यांत आवडली ती सदतीस नंबरची प्रश्नावली. एकही खाडाखोड नाही, सगळी उत्तरं ठाम. प्रबंधात नमुना म्हणून तीच लावू म्हणाले.

तुझी चिठ्ठी शनिवारी मिळाली. खरं सांगू का, ‘सांग’ लिहायला कागद घेतला होता. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात ३१ ऑगस्टला मी केलेली लाल खूण दिसली आणि पेन खाली ठेवलं. आता उरलेत किती, दोन दिवस. बुधवारी फेरी झाली की तिच्याच उंबऱ्यावर सांग, वाटल्यास माझ्या नावानं चार शिव्याही घाल.

रागावू नको. प्रबंध गेला की वालूरला येते आणि कासाबाईंच्या हातची भाकरी खाते.

तुझी,
शिवरंजनी

ता. क. आज सकाळी सहाच्या सुमारास तुझे तीन फोन येऊन गेले. मी जागी होते, मुद्दामच उचलले नाहीत. नियम दोघींनाही सारखाच.

*

वालूर,
२९ जुलै २०२५

शिवरंजनी,

काल सकाळी साडेपाचला राजेश्वर आमच्या दारात आला. सदतीस नंबरचा लेक, कापडाचं दुकान हाय त्याचं. पायात चप्पल न्हाई. म्हणला, ताई चला, आई उठंना.

न्हाणीजवळ पडली होती. घामानं लुगडं पिळून काढावं इतकं भिजलेलं. दातखीळ बसली होती. सून तोंडात पाणी ओतायलेली, मी हात धरला. हिरड्यांना साखर चोळत बसले. जीप मिळायला वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं मी तुला सांगू शकत न्हाई. दवाखान्यात तपासलं तर साखर चौतीस. सलाईन लावलं. नऊ वाजता डोळे उघडले आन् पहिलं विचारलं, पूजा राहिली का माझी.

जिवंत हाय. तुला तेवढंच पाहिजे आसंल तर इथंच वाचायचं थांबव.

जीपमधून तुला तीनदा फोन लावला. दवाखान्यात विचारतील कोणती गोळी, किती, कवा. ते डॉक्टरला तरी सांगू का, का ते बी नियमात बसत न्हाई, एवढंच विचारायचं होतं. तू उचलला न्हाईस. मी सांगून टाकलं. राजेश्वर बाजूलाच उभा होता, त्यानं ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणला, ताई, तुमाला हे कवापासून ठावं होतं?

मी म्हणलं, सोळा तारखेपासून.

त्यानं आवाज चढवला न्हाई. चढवला आसता तर बरं झालं आसतं. माझ्या हातातली तिच्या कपड्यांची पिशवी काढून घेतली आन् म्हणला, तुमी घरी जा. अकरा वर्षं झाली मला आशा होऊन, या गावात मला कुणी घरी जा म्हणलं नव्हतं.

‘जबाबदारी माझी’ लिहिलेलं तुझं पत्र माझ्या पर्समधीच होतं. काढून दाखवलं न्हाई. का ते मला बी कळंना.

तिचं नाव मल्लम्मा हाय. लिहून ठेव.

रुपाली

*

परभणी,
३१ जुलै २०२५

रुपाली,

तुझं पत्र मिळालं.

फोन वाजत होता तेव्हा मी तुझं नाव बघत होते. तिन्ही वेळा बघत होते. मग फोन पालथा ठेवला आणि दुपारी ती शहाणपणाची ता. क. लिहिली. तुला ती मिळाली असेल. ती मिळू नये असं दोन दिवस वाटत होतं.

सरांना मी सांगितलं की सदतीस नंबरच्या बाई आजारी पडल्या, त्यांची दुसरी फेरी होणार नाही. ‘ठीक आहे, एक गळती चालते’ म्हणाले. का आजारी पडल्या ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

आता एक विचारते. बाकीच्यांना तू काही सांगितलंस का? सांगितलं नसशील तर फक्त चार दिवस, म्हणजे फेरी पूर्ण होईपर्यंत... हे वाक्य मी खोडणार होते. खोडत नाही. मी कुठवर आलेय ते तुला दिसू दे.

मल्लम्मा आता कशा आहेत? तेवढं तरी कळव.

शिवरंजनी

*

वालूर,
४ ऑगस्ट २०२५

शिवरंजनी,

होय, सांगितलं. २९ ला तुझं पत्र पार्सलला टाकलं आन् तिथूनच घरं घेत सुटले. तुझी चिठ्ठी यायच्या आदी निम्मं गाव झालं होतं. आदी आली आसती तरी थांबले नसते.

ऐक, एकोणसाठातल्या तेरा जणी असंच करतात. कुणी सोमवारी, कुणी चतुर्थीला, नर्मदाबाई तर शनिवारी बी. कुणी दोन एकदम घेतं, कुणी उपाशीपोटी घेतं. तेराही जणी मला एकच सांगायल्या, गोळी चुकवायची न्हाई म्हणलेत डॉक्टर. आन् पहिल्या फेरीत त्या तेराही जणींचं उत्तर काय होतं ते तुझ्याजवळ हाय, बघ काढून. मी त्यांना सांगितलं, एकदम दोन कवाच घ्यायच्या न्हाईत, उपासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरलाच विचारायचं. दोन गटांत दवाखान्यात नेऊन विचारून बी आणलं.

मग दुसरी फेरी केली, दोन दिवस उशीर झाला. आता तुझ्या कामाचं. त्या तेराही जणींनी गोळ्यांच्या सगळ्या प्रश्नांना ‘अवघड’ लिहायला लावलं. मी नर्मदाबाईला म्हणलं, आवो, आता तर तुमाला ठावं झालंय, मग अवघड कसं? तर म्हणली, ‘आदी ठावंच नव्हतं म्हणून सोपं होतं. आता दर उपासाला इचार करावा लागतो. अवघडच लिही. आन् तुजं नाव खराब झालं तर होऊ दे.’

जिला कळलं ती आता अवघड म्हणायली, आन् कळलं नव्हतं तवर तीच सोपं म्हणत होती. मग तुझा तराजू काय मोजायलाय, ते तू आन् तुझे सर बघा. एकही अक्षर मी इकडचं तिकडं केलं न्हाई. समासात लिहिलंय, या वेळेला पेनानं, खोडता येणार न्हाई असं.

मल्लम्मा घरी आल्या. मी गेले होते. तोंड फिरवलं न्हाई, पण बस बी म्हणल्या न्हाईत. गावात समदे मलाच विचारायलेत, ठावं होतं तर बोलली का न्हाईस. थांब कुणी म्हणलं ते मी अजून कुणाला सांगितलं न्हाई. सांगणार बी न्हाई. ते तुझं तू बघ.

मी राखीला माहेरी जाणार, तवा चार दिवस इथं नसंन.

रुपाली

*

परभणी,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय रुपाली,

काल राखीच्या दिवशी मी वालूरला जाऊन आले. तू नसशील हे माहीत होतं, म्हणूनच कालचा दिवस धरला. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही, हे खरं.

आधी कामाचं सांगते. एकोणसाठ जणींचं गणित केलं, तर दोन फेऱ्यांचा मेळ ०.५८. तराजू नापास. त्या तेरा जणी वगळून केलं, तर ०.९३. सर म्हणाले, ‘मधे शिकवलं म्हणून तेरा वगळायच्या, सेहेचाळीस पुरतात, सगळं नियमात बसतं.’ आणि ते खरंच नियमात बसतं. मी रात्रभर त्या ०.९३ कडे बघत होते. त्याला कुणी नाव ठेवू शकलं नसतं.

परवा सकाळी सरांना सगळं सांगितलं. सदतीस का पडल्या ते, मी तुला काय लिहिलं ते, तीन फोन, सगळं. नैतिकता समितीला द्यायला दोन पानं लिहिली आणि त्यात लिहिलं की थांब असं लेखी मीच सांगितलं, मूळ पत्र रुपालीकडे आहे. मागायला आले तर देऊन टाक. प्रबंधात एकोणसाठही जणी राहतील, तुझे समासातले शेरेही, आणि निष्कर्ष असा की ही प्रश्नावली या बायांचं अज्ञान सोपेपणा म्हणून मोजते. सर म्हणाले, ३१ ऑगस्ट विसरा. मुदत वाढवून मिळेल की नोंदणी जाईल ते आज तरी कुणालाच माहीत नाही. आई घरी रडली. मला रडू आलं नाही, फार दमल्यासारखं झालंय.

वालूरला उतरले ती थेट राजेश्वरच्या दुकानात गेले. तो एका गिऱ्हाइकाला कापड दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि सांगितलं की ताईंना थांब म्हणणारी मी. ताई पहिल्या दिवसापासून सांगू का विचारत होत्या. त्यानं उलगडलेलं कापड हळूहळू घडी करून ठेवलं. म्हणाला, ‘रुपालीताईला मी नको ते बोललो. तिला मी भेटतो. पण तुमी मला काय सांगता, आईला सांगा.’

मल्लम्मा ओसरीवर बसल्या होत्या. हाताला सलाईनचा काळा डाग अजून आहे. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, कुणाची तू? म्हटलं, मानवतच्या बसवंतरावांची नात. तर लगेच ओळख लागली, त्यांचे दीर आणि माझे आजोबा बाजारात शेजारी बसायचे. आत हाक मारून सुनेला पाणी आणायला लावलं, गूळ दिला. पेला मी हातातच धरून बसले.

मग सांगितलं. मला १८ तारखेचं पत्र मिळालं तेव्हापासून माहीत होतं, आणि माझं काम बिघडेल म्हणून मी सांगू दिलं नाही. एवढंच. माफ करा असं म्हणायचं ठरवून गेले होते, पण त्या बाईकडे बघून तोंडातून निघालं नाही.

त्या रागावल्या नाहीत, रुपे. मला वाटतं त्यांना ते नीट समजतच नव्हतं, की असं कुणी का करेल. म्हणाल्या, ‘बाई, तुज्या कागदावरचं इचारलं तेवढं समदं मी सांगितलं. त्यात नव्हतं ते बी सांगितलं. एक बी लपवलं न्हाई. मग तुला ठावं होतं ते तू मला का न्हाई सांगितलं?’

मी पेला खाली ठेवला. सून येऊन पेला घेऊन गेली. अर्ध्या-पाऊण तासानं उठले आणि साडेचारच्या एसटीनं परत आले.

तुझी,
शिवरंजनी